ट्रक ड्रायव्हर व्हायचंय? आधी सहा महिने शेजारच्या सीटवर बसा

दर दोन-चार आठवड्यांनी कोणीतरी विचारतंच, बिल्डिंगमधला नाहीतर गावाकडचा, की भाऊ नोकरी सोडून हेवी गाडीवर आलो तर जमेल का. मी स्वतः एकतिसाव्या वर्षी या लाईनीत आलो, त्याआधी अंधेरीला एका ऑफिसात बिलं एंट्री करायचो, आता उरणहून कंटेनर उचलतो आणि भिवंडीला, कधी तळोज्याला, कधी चाकणला टाकतो. जमतं, न जमायला काय झालं. फक्त हे नुसतं गाडी चालवायचं काम आहे असं समजून येऊ नका, बारा तासांतले चार-पाच तास गाडी चालते, बाकी सगळं थांबणं, कागद सांभाळणं नि माल सांभाळणं, आणि नवीन पोरं स्टेअरिंगवर कमी आणि इथेच जास्त वैतागून सोडून जातात.

आधी लायसन्सचं. तुमच्याकडे साधं कारचं लायसन्स असेल तर ते काढून एक वर्ष झालेलं पाहिजे आणि वय २० पूर्ण पाहिजे, त्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही. लर्निंग सहा महिने चालतं, ३० दिवसांनी टेस्ट देता येते. डॉक्टरचा फॉर्म १अ आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो, म्हणजे हेवीसाठी स्कूल लावावंच लागतं, नियमाप्रमाणे ३० दिवसांचा कोर्स आणि त्यात १५ तास प्रत्यक्ष गाडीवर. हे १५ तास खरंच वसूल करा, बऱ्याच ठिकाणी दोन राऊंड मारून सर्टिफिकेट हातात देतात आणि आपण पण खुश होतो. अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर, टेस्ट तुमच्या आरटीओत, ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली जे लागत असेल ते. आठवी पासची अट २०१९ ला गेली, तरी एजंट लोक अजून दाखला मागून घाबरवतात. आणि बॅज बॅज जे ऐकता ते रिक्षा, टॅक्सी, बसवाल्यांचं, मालाच्या गाडीला तो लागत नाही. ट्रान्सपोर्टचं लायसन्स ५ वर्षांचं असतं, पुढे रिन्यू करत राहायचं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. साडेसात टनांपर्यंतच्या (गाडी अधिक माल मिळून) मालाच्या गाडीला साधं कारचं लायसन्स चालतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने यावर शिक्कामोर्तब केलंय. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, टाटा ४०७ तुम्ही उद्यापासून चालवू शकता. माझं म्हणणं, नोकरी सोडायच्या आधी वाशी मार्केटमधून दादरला भाजी टाकणाऱ्या एखाद्या पिकअपवर रविवार-रविवार जाऊन बघा. पहाटे दोनला उठून माल भरणं, दादरला पार्किंगवरून भांडणं हे सगळं करून पण सोमवारी परत जावंसं वाटलं तर पुढचं वाचा.

हेवी लायसन्स हातात आलं म्हणून लगेच कोणी चौदाचाकी देत नाही आणि देत असेल तर त्या मालकापासून लांब राहा. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या बाजूला नाहीतर वडाळ्याला ट्रक टर्मिनलला जा, ओळखीच्या ड्रायव्हरला धरा आणि सहा महिने किन्नर म्हणून (म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, क्लीनर) शेजारी बसा. ऑफिसात साहेब म्हणून घ्यायची सवय झालेल्या माणसाला हे जड जातं, मला पण गेलं, माझा उस्ताद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता आणि पहिले पंधरा दिवस त्याने मला फक्त टायर वाजवायला लावले. लोखंडी टॉमीने (दांड्याने) एकेक टायर ठोकायचा, नीट हवा असलेला टण्ण करून उसळतो, बसलेला भद्द वाजतो, आणि जोडीतला आतला टायर बाहेरून दिसतच नाही म्हणून तो ठोकूनच कळतो. तेव्हा राग यायचा, पण त्याच पंधरा दिवसांनी माझा एक मोठा खर्च वाचवलाय.

सकाळी गाडी चालू केली की ब्रेकच्या हवेचा काटा बघायचा, हेवी गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. प्रेशर भरल्याशिवाय हँडब्रेक सुटत नाही, आणि भरलेलं प्रेशर इंजिन बंद केल्यावर पटापट उतरत असेल तर कुठेतरी लीक आहे, गाडी काढूच नका, मालक कितीही ओरडू दे. बीएस सिक्स गाडीत युरिया बघायचा (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते डीईएफ, पण सगळे युरियाच म्हणतात), तो संपला की गाडी दम टाकते. निळं झाकण युरियाचं, तिथे डिझेल आणि डिझेलच्या टाकीत युरिया असला प्रकार झोपेत होतो आणि खर्च लाखात जाऊ शकतो, म्हणून पंपावर पोराला सांगून केबिनमध्ये बसून राहायचं नाही, खाली उतरून उभं राहायचं.

घाटाचं वेगळं सांगतो कारण जीव तिथेच जातो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना नाहीतर कसाऱ्याला जुने ड्रायव्हर एकच सांगतात, ज्या गियरने चढली असती त्याच गियरने उतरव. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक पकडत नाही, वर सारखं दाबत राहिलात तर हवा पण संपत जाते. चाकातून जळका वास यायला लागला की समजा उशीर होत आलाय, जागा बघून थांबा आणि थंड होऊ द्या, पाणी मारू नका.

आता उरणच्या पोर्टचं. तिथे जाताना करळ फाट्यापासून लाईन लागली की चार तास कुठे गेले कळत नाही, त्यामुळे पाणी, डबा, चार्जर आणि एक सुका पंचा जवळ पाहिजेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, पण तुमच्या वाट्याला येणारी पहिली गाडी त्याच्या आधीचीच असणार हे धरून चाला. कंटेनर चढला की सील नंबर कागदाशी जुळवा, फोटो काढा, आणि चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक (कंटेनर गाडीला धरून ठेवणारे) स्वतःच्या हाताने फिरवून बघा. मी एकदा नाही बघितले. रात्रीची वेळ, पाऊस, किन्नर म्हणाला लावलेत, मी निघालो, शीळ फाट्याला शेजारच्या टँकरवाल्याने हॉर्न मारून मारून थांबवलं, टॉर्च मारली तर मागचा डावा लॉक उघडा. पुढे मुंब्रा बायपासचं वळण होतं. तेव्हापासून किन्नर काहीही म्हणो, मी उतरतो.

कागदात आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) आणि ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल). ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस असते, पोर्टला नाहीतर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर संपायच्या आधी ऑफिसला फोन करून वाढवून घ्यायला सांगा. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे, तेव्हा 'दोन टन जास्त टाकतो, सांभाळून घे' म्हणणाऱ्याला वजनकाट्याची पावती मागा. शहरात जडवाहनांच्या नो एंट्रीच्या वेळा बदलत असतात, त्या निघायच्या आधी विचारायच्या, नाक्यावर पोचल्यावर नाही.

पैशाचं बोलणं पहिल्या दिवशीच करा, लाज सोडून. पगार किती, ट्रिपचा भत्ता किती, हाल्टिंग झालं तर खाण्याचे पैसे कोण देणार, ई-चलान कोणाच्या खिशातून, डिझेलचा एव्हरेज कोणत्या हिशोबाने धरणार, पीएफ आहे का. माझ्या पहिल्या मालकाने तीन महिन्यांनी मालाची शॉर्टेज म्हणून निम्मा भत्ता कापला, माझ्याकडे एकाही डिलिव्हरीची सही नव्हती, काय बोलणार. आता प्रत्येक पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, तिथल्या तिथे. कायद्याने ड्युटी दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास आराम आहे, लाईनीत हे कोण पाळतं ते सगळ्यांना माहितीये, पण झोप येत असताना गाडी ओढायला सांगितलं तर नाही म्हणता आलं पाहिजे.

अपघात झाला तर पळू नका. जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी ड्रायव्हरची असते, पण जमाव मारायला उठला असेल तर कायद्यातच त्याला सूट आहे, अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस चौकीत जाऊन हजर व्हायचं आणि मालकाला नंतर कळवायचं.

आणि भिवंडीच्या गोडाऊनमध्ये गाडी मागे घेताना, काल्हेर असो की माणकोली, मागून 'आने दो आने दो' ओरडणारा हमाल तुमच्या गाडीचा डावा कोपरा बघत नसतो. काच खाली, गाणी बंद, हँडब्रेक मारून एकदा उतरायचं, मागे फिरून यायचं, खांब कुठे, पत्रा किती खाली, वायर लोंबतेय का ते बघायचं आणि मग घ्यायची. मागचे हॉर्न मारतील, मारू दे.