मेस्सी भारी का, हे बघायचं असेल तर बॉलकडं बघू नका

फुटबॉलचा वर्ल्डकप आला की आपल्या कोल्हापूरच्या पेठांत दोनच पार्ट्या, ब्राझील नाहीतर अर्जेंटिना, चौकात कटआउट, रात्रभर वाद. पण मेस्सी नक्की भारी का असं विचारलं की उत्तर येतं 'गोल मारतोय की भावा'. गोल काय, आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा स्ट्रायकर पण मारतोय.

तर असं करा. रील्स आणि हायलाइट सोडा, त्यात खेळाडू बॉल मिळाल्यावरच दिसतो. पूर्ण मॅच लावा, एकच खेळाडू धरा आणि पंधरा मिनिटं फक्त त्याच्याकडं बघा, बॉल कुठं का जाईना. टीव्हीवर तो मधनंच कॅमेऱ्याबाहेर जातो, म्हणून ही सवय आधी शाहू स्टेडियमवर लावून घ्या, वरच्या पायरीवर बसायचं आणि शेजारचा ओरडला तरी मान वळवायची नाही (हेच सगळ्यात अवघड, पाटाकडील-खंडोबा या दोन तालमींची मॅच असली तर विसराच).

मेस्सीकडं असं बघितलं की पहिल्यांदा चीडच येते, कारण गडी नुसता चालतोय! पण मान बघा, सारखी इकडं तिकडं. चालता चालता जागा कुठं मोकळी आहे ते बघून ठेवतोय. मग २०२२ च्या सेमीफायनलचा क्रोएशियाविरुद्धचा तिसरा गोल लावा. ३५ वर्षांचा माणूस त्यांच्या २० वर्षांच्या डिफेंडरला, ग्वार्दिओलला, उजव्या लाईनीवरनं घेऊन जातोय, तो काय स्पीडवर नाही, मधेच थांबतोय, परत सुटतोय, आणि तो पोरगा प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदानं चुकतोय. शेवटी पास मेस्सीचा, गोल अल्वारेझच्या नावावर.

स्पेनचा मिडफिल्डर झावी, त्याचं तर मोजायचंच, पास पायात यायच्या आधी मान किती वेळा वळली ते.

नेदरलँड्सचा क्रायफ बघताना उलटं करा, डिफेंडरकडं बघा. १९७४ च्या वर्ल्डकपला स्वीडनविरुद्ध पास देतोय असं दाखवून त्यानं बॉल स्वतःच्या पायामागनं ओढला आणि त्यांचा डिफेंडर ओल्सन भलतीकडंच गेला. मॅच शून्य-शून्य सुटली, तरी पोरं अजून तो टर्न शिकतात.

आणि पेले, १९७० ची फायनल, इटलीविरुद्धचा चौथा गोल. बॉल आल्यावर तो घाई करत नाही, निवांत उजवीकडं ढकलतो, तिथं तेव्हा कोणीच नसतं, मागनं कार्लोस अल्बर्टो पळत येतो आणि ठोकतो. मला विचाराल तर पेलेचा मोठेपणा त्या थांबण्यात आहे.

आता हे मैदानात उतरवायचं असेल तर तिघं लागतात. एक पास देणार, एक तुमच्या पाठीमागं उभा राहून बोटं दाखवणार, बॉल निघाला की तुम्ही मागं बघून आकडा ओरडायचा आणि मगच बॉल घ्यायचा. सुरुवातीला आकडा बरोबर येतो आणि बॉल पायाखालनं जातो, आमचा पण आठवडाभर जात होता. तेव्हा पास जरा हळू द्यायला सांगा.