ड्रॉवरमध्ये पाणी येईना, तेव्हा

आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन सुरू केलं की घूंऽऽ असा आवाज यायचा, पण ड्रॉवरमधली पावडर कोरडी ठणठणीत. थोड्या वेळाने एरर दाखवून मशीन गप्प. दुरुस्तीवाल्याने फोनवरच 'व्हॉल्व्ह (मशीनमध्ये पाणी सोडणारी विजेवरची झडप) गेला' सांगितलं. न बघताच! पण आवाज येतोय म्हणजे व्हॉल्व्हला वीज मिळतेय, मग पाणी कुठे अडतंय ते आधी बघायचं ठरवलं.

प्लग काढला, नळ बंद केला. इनलेट पाइप मशीनकडून सोडवून बादलीत धरला आणि नळ उघडला. धार चांगली जाड. (वरच्या मजल्यावाल्यांनी हे नक्की बघा. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो, त्यामुळे टाकी अगदी डोक्यावर असेल तर दाब कमी पडू शकतो.)

पाइप मशीनला जिथे लागतो, तिथे आत प्लास्टिकची बारीक जाळी असते. पकडीने हलकेच ओढली की निघते. आमची तांबूस गाळाने आणि पांढऱ्या क्षाराने पार बुजलेली. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी, दुसरं काय होणार! जाळी व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासली. ड्रॉवर पूर्ण काढून त्याच्या वरच्या छताची भोकंही टाचणीने मोकळी केली.

पाइप परत लावताना रबरी वायसर सरळ बसवा आणि आटे हातानेच आवळा, पाना लावला तर प्लास्टिक तडकतं. आता पावडर पहिल्या दोन मिनिटांतच वाहून जाते. जाळी दर उन्हाळ्यानंतर काढून धुणार आहे.