ट्रॅकसाठी सस्पेन्शन: आधी सॅग, मग क्लिक

रत्नागिरी-मालवणकडची बाईक ट्रॅकवर न्यायची तर आधी फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या) नळ्या तपासा. खाऱ्या हवेने पडलेले बारीक गंजाचे खड्डे सील कापतात, तेल ब्रेकवर उतरतं. अशा फोर्कवर सेटिंग करू नका.

मग सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते. चाक अधांतरी असताना मागच्या अॅक्सलपासून वर सरळ रेषेत सीटखालच्या खुणेपर्यंत मोजा. सूट-हेल्मेटसह स्वार बसवून पुन्हा मोजा: एकदा दाबून सावकाश वर येऊ देऊन, एकदा उचलून सावकाश खाली सोडून. घर्षणामुळे आकडे वेगळे येतात, म्हणून सरासरी घ्या. पहिलं माप आणि ही सरासरी यांतला फरक मागे २५ ते ३०, पुढे ३० ते ३५ मिमी असावा, प्रीलोडने (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्या सेटिंगने) जुळवा. स्वाराविना मागे ५ ते १० मिमी सॅग उरायला हवा. शून्य उरला तर स्प्रिंग मऊ आहे, ती बदलाच. प्रीलोड पिळून भागत नाही.

रीबाउंडचे (दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत उघडतं ते ठरवणाऱ्या स्क्रूचे) क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून मोजा, शेवटी जोर लावू नका. फार घट्ट केलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक परत खाली येत नाही, पकड जाते. एका वेळी एकच बदल, दोन क्लिकचा, आणि तो वहीत लिहाच.