लोगोत दोन फॉन्ट जुळवताना आधी दुकानाची पाटी बघा

लोगो डिझाइनमध्ये नवीन आलेल्याला पहिला सल्ला मिळतो तो 'नाव सेरिफमध्ये (रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला फॉन्ट), टॅगलाइन म्हणजे नावाखालची छोटी ओळ सॅन्स-सेरिफमध्ये (असे पाय नसलेला, थोडक्यात सॅन्स)' हा. सल्ला चांगलाच आहे. पण मी ठाण्यात, नौपाडा-गोखले रोडच्या दुकानांची कामं करते, आणि इथे लोगो आधी झळकतो तो पाटीवर. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर पाटीवर मराठी आधी हवं आणि ते इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. म्हणजे इंग्रजी नाव आणि टॅगलाइन जुळली तरी देवनागरी उरतेच. मी सुरुवातच तिथून करते.

देवनागरीत सेरिफ शोधत बसू नका, रेघेची जाडी बघा. 'तिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये बोरूचं वळण दिसतं, रेघ जाड-बारीक होत जाते. 'मुक्ता' फॉन्टमध्ये ती जवळपास एकसारखी आहे. पहिल्यासोबत सेरिफ शोभतो, दुसऱ्यासोबत सॅन्स. पण वाटेल तो सेरिफ चालत नाही! बोडोनी या सेरिफ फॉन्टच्या उभ्या रेघा जाड आणि आडव्या अगदी केसासारख्या, तर देवनागरीत शिरोरेषा आडवी आणि ठसठशीत. दोन्ही शेजारी आले की एकमेकांशी भांडतात. शिवाय अ‍ॅक्रिलिकमधून अक्षरं कापताना त्या बारीक रेघा टिकत नाहीत. पाटीसाठी पीटी सेरिफसारखा भरीव फॉन्ट बरा.

एका साडीच्या दुकानासाठी 'पैठणी' हा शब्द होता. 'पै'च्या दोन मात्रा आणि 'णी'ची वेलांटी, सगळं शिरोरेषेच्या वर. इंग्रजी कॅपिटलची उंची मात्रांच्या टोकाला लावली तर मराठी अक्षरांचं अंग बारकं दिसतं. ती शिरोरेषेला लावली आणि मात्रांना वर मोकळी जागा सोडली, तेव्हा कुठे दोन्ही नावं एका घरातली वाटली. टॅगलाइन सॅन्समध्ये, लाइट वेटमध्ये म्हणजे बारीक रेघेत ठेवली. नाव ठळक असताना टॅगलाइनही बोल्ड केली की आधी काय वाचायचं तेच कळत नाही.

हात बसेपर्यंत आयबीएम प्लेक्स हे फॉन्टकुटुंब वापरा. त्यात सेरिफ, सॅन्स आणि सॅन्स देवनागरी तिन्ही एकाच कुटुंबातले आहेत, आणि मुक्त परवान्यामुळे क्लायंटच्या कामालाही चालतात.

फाइल पाटीवाल्याकडे पाठवण्याआधी अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे त्यांचं फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकारांत रूपांतर करा. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की वेलांट्या भलतीकडे जातात.