इंग्लंडमधला दिवाणी दावा: सुनावणीआधीच्या या चुका टाळा

भारतातल्या दिवाणी न्यायालयाच्या समन्सवर हजर राहण्याची तारीख असते. इंग्लंड आणि वेल्समधल्या नेहमीच्या दावापत्रावर ती नसते. त्यामुळे तिथला मराठी माणूस टपालाने आलेला हा कागद ‘तारीख लागली की वकील गाठू’ असे म्हणत खणात ठेवतो, आणि सर्वांत महागात पडणारी चूक तिथेच होते. दाव्याचा तपशील बजावला गेल्यापासून १४ दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करावी लागते. त्याच मुदतीत दावा मिळाल्याची नुसती पोच न्यायालयात दाखल केली, तर एकूण २८ दिवस मिळतात. यांपैकी काहीच केले नाही, तर वादी एकतर्फी निकाल मागू शकतो, आणि ठरावीक रकमेच्या दाव्यात तो सहसा सुनावणीशिवाय, कचेरीतूनच मिळतो. महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली नाही, तर त्याची नोंद ६ वर्षे सार्वजनिक नोंदवहीत राहते. निकाल रद्द करून घेण्याचा मार्ग आहे. मात्र बचावात खरोखर दम आहे हे दाखवावे लागते, आणि अर्ज तातडीने केला की नाही, हेही पाहिले जाते. म्हणून पाकीट उघडाल त्याच दिवशी पोच पाठवा.

वादी फसतो तो बजावणीत, म्हणजे दावापत्र प्रतिवादीला रीतसर पोचवण्यात. दावापत्र जारी झाल्यापासून देशांतर्गत बजावणीला ४ महिने असतात, आणि अनेकजण शेवटच्या आठवड्यात ते ईमेलने धाडून मोकळे होतात. समोरच्या पक्षाने किंवा त्याच्या सॉलिसिटरने ईमेलने बजावणी स्वीकारण्याची तयारी आधी लेखी कळवलेली नसेल, तर ती बजावणीच नव्हे. वकिलाविना लढणाऱ्या एका वादीने नेमके हेच, मुदत संपायच्या आदल्या दिवशी केले होते. २०१८मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी त्याला सवलत नाकारली. तोवर नवा दावा लावण्याची मुदतही उलटून गेली होती. मला अल्पमत अधिक माणुसकीचे वाटते, पण नियम बहुमताचाच चालतो.

समोरच्या पक्षापुढे कागदपत्रे उघड करताना आपल्याला अडचणीचे तेवढे व्हॉट्सॲप संदेश वगळण्याचा मोह होतो. कागदपत्रे उघड करण्याच्या न्यायालयाच्या सर्वसाधारण आदेशानुसार स्वतःच्या विरोधात जाणारी कागदपत्रेही दाखवावी लागतात.

साक्षीच्या निवेदनात मराठी घरांची चूक वेगळीच असते. समजा, पुण्याच्या वडिलांनी पैसे दिले होते आणि त्यांना इंग्रजी येत नाही. मुलगा इंग्रजीत निवेदन टाइप करतो आणि ते खाली सही करतात. निवेदन साक्षीदाराच्या स्वतःच्या भाषेत हवे, असे नियम सांगतो. वडिलांनी मराठी मजकुरावर सही करावी, आणि त्याचे भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराने प्रमाणित करून दोन्ही कागद एकत्र दाखल व्हावेत.