लिलाव जिंकला, विक्रेता फिरला: अभिप्राय कसा लिहावा

जुनी कॅमेऱ्याची लेन्स मी लिलावात जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याचा निरोप आला, ‘पडून फुटली, सौदा रद्द करतो.’ माझा संताप झाला. तरी त्या रात्री अभिप्राय लिहिला नाही, हे बरंच केलं. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर खरेदीदाराला विक्रेत्याबद्दल अभिप्राय देण्यासाठी ६० दिवस मिळतात, घाई कशाला?

आधी पैसे परत आले का ते बघा. मग रद्द करण्याचं कारण वाचा. तिथे ‘खरेदीदाराच्या विनंतीवरून’ असं असेल आणि तुम्ही विनंती केलेली नसेल, तर ते मान्य करू नका. विक्रेत्याला साइटवरच्या मेसेजमधून खुलासा विचारा, म्हणजे नोंद राहते. दोन-तीन दिवस वाट बघा. खरी अडचण सांगून स्वतःहून पैसे परत करणाऱ्याला लाल, म्हणजे नकारात्मक, शेरा देणं मला पटत नाही.

माझ्या बाबतीत आठवड्याने तीच लेन्स पुन्हा विक्रीला आली. कडेवरचा चंद्रकोरीसारखा ओरखडासुद्धा तोच, किंमत मात्र चढी. मग मी नकारात्मक अभिप्राय दिला: ‘लिलाव संपल्यावर वस्तू फुटल्याचं सांगून सौदा रद्द. पैसे दोन दिवसांत परत. आठवड्याने तीच वस्तू जास्त किमतीत विक्रीला.’ ‘चोर’, ‘लबाड’ असलं काही नाही. त्याने पैसे लगेच दिले, हेही लिहिलं, कारण ते खरं होतं.

विक्रेत्याकडून उलट वाईट शेरा मिळेल म्हणून गप्प बसू नका. ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल नकारात्मक अभिप्राय देताच येत नाही.