ग्राफ्टनंतर सांधे आखडतात ते या चुकांमुळे

मानेला भाजलेल्या पेशंटच्या डोक्याखाली उशी. वॉर्डात शिरले की माझी नजर आधी तिथेच जाते, आणि कुणीतरी मायेने ती ठेवलेली असतेच. भाजल्यावर जसं पडून बरं वाटतं, तसाच सांधा आखडतो. ग्राफ्ट म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागेची त्वचा काढून भाजलेल्या जागी लावणं. ही नवी त्वचा आवळत जाते, ती कुणाच्या मायेला जुमानत नाही.

गॅसवर पदर पेटलेली एक ताई होती, ग्राफ्ट मानेवर आणि काखेत. खांद्यांखाली चादरीची गुंडाळी ठेवली की मान मागे राहते, हे तिच्या सासूबाईंना करून दाखवलं. संध्याकाळी गुंडाळी पायाशी, उशी परत जागेवर. "झोप लागत नाही हो पोरीला!" घरीही तेच चालू राहिलं असणार. पुढे तपासणीला आली तेव्हा हनुवटी छातीकडे ओढलेली, खालचा ओठ उलटलेला. त्वचा मोकळी करून पुन्हा ग्राफ्ट, म्हणजे सगळं पहिल्यापासून. उशीची हौसच असेल तर काखेत ठेवा. तिथे हात अंगापासून 90 अंशांवर हवाच असतो.

दुसरी चूक घाईची, नाहीतर उशिराची. ग्राफ्ट धरायला साधारण 5 दिवस लागतात, तोवर तो सांधा हलवायचा नाही. बाकीच्या सांध्यांना मात्र सुट्टी नाही. सर्जनने हिरवा कंदील दाखवला की लगेच सुरुवात. इथे काही जण महिनाभर "जखम ओली आहे" म्हणत बसतात आणि मग मालिशवाल्याला गाठतात. तो कोपर झटक्याने सरळ करू पाहतो. भाजलेल्या कोपराभोवती नको तिथे हाड तयार होण्याचा धोका असतोच, त्यात ही ओढाताण! ताण हळू द्या. त्वचा पांढुरकी पडली की तिथेच धरा. मी पेशंटला मोठ्याने आकडे म्हणायला लावते, म्हणजे श्वास रोखला जात नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, नंतर नव्हे.

स्प्लिंट, म्हणजे सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, ही कपाटात ठेवायची वस्तू नाही.

ग्राफ्टची त्वचा कोरडी पडते. जखम पूर्ण भरल्यावर साधं खोबरेल तेल दिवसातून दोन-तीनदा चोळा. सुगंधी काही नको.

प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, दिवसाचे 23 तास, वर्ष-दीड वर्ष. दोन-तीन महिन्यांत सैल पडतो, तेव्हा नवा शिवून घ्या. "लग्नाला जायचं होतं म्हणून चार दिवस काढला," असं सांगणारे फार. लांब बाह्यांच्या ब्लाउजखाली तो दिसतही नाही.